पेटंट संपते, मक्तेदारी संपत नाही

औषधाच्या पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. ती संपली की औषध सर्वांचे झाले, इतर कारखान्यांनी ते बनवावे आणि भाव उतरावा, असा कायद्याचा साधा हिशेब आहे. पेटंट ही समाजाने संशोधकाला दिलेली मुदतीची सवलत आहे, वतन नव्हे. बड्या कंपन्यांना मात्र ती वतनासारखी चालवायची असते.

त्याची रीत ठरलेली. मूळ औषधाचे पेटंट संपत आले की त्याच औषधाच्या क्षारावर, गोळीच्या घडणीवर किंवा मिश्रणावर दुसरा अर्ज ठोकायचा. औषध तेच, रोगी तेच, पण मक्तेदारीला आणखी काही वर्षे मिळतात.

औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील बेडाक्विलिन या गोळीचे उदाहरण घ्या. पूर्वी अशा रोग्याला महिनोन्‌महिने इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्यात अनेकांचे कान कायमचे जात. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचे या गोळीवरील मूळ पेटंट भारतात १८ जुलै २०२३ रोजी संपणार होते. कंपनीने तिच्या क्षारावर दुसरा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत गेली असती.

या अर्जाला हरकत घेतली ती कोणत्या मंत्र्याने नव्हे. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी क्षयरोगातून वाचलेल्या. उपचारांत दोघींनीही ऐकू येण्याची शक्ती गमावली होती. पेटंट कायद्याच्या कलम २५(१) प्रमाणे पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. त्या आधारे २०१९ मध्ये त्यांनी हरकत दाखल केली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. कंपनीने २०२० मध्ये गरीब देशांसाठी सहा महिन्यांच्या उपचाराचा भाव ३४० डॉलर ठेवला होता. स्पर्धा दारात येताच, ऑगस्ट २०२३ मध्ये, त्याच कंपनीची गोळी जागतिक खरेदीत १३० डॉलरला आली. संशोधनाचा खर्च या तीन वर्षांत कमी झाला होता काय?

मक्तेदारीला दरवेळी पेटंटही लागत नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये नोव्हार्टिस कंपनीला रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेकसाठी पेटंटविना केवळ विक्रीचा एकाधिकार मिळाला. काही देशी कंपन्यांना न्यायालयाने मनाई केली. देशी औषधाचा महिन्याचा खर्च ८ ते १० हजार रुपये, ग्लिव्हेकचा सुमारे १ लाख २० हजार! २००६ मध्ये पेटंटचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा तो एकाधिकार गेला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. जुन्या औषधाचे नवे रूप अधिक गुणकारी ठरल्याशिवाय त्याला पेटंट नाही, असे सांगणारे कलम ३(ड) तेथे उभे राहिले.

आज तोच एकाधिकार दुसऱ्या नावाने दार ठोठावतो. औषधाच्या चाचण्यांची माहिती ठरावीक वर्षे दुसऱ्या उत्पादकाच्या परवान्यासाठी वापरायची नाही, अशी मागणी व्यापार करारांच्या वाटाघाटींत होत असते. ती मान्य झाली तर पेटंट संपूनही स्वस्त औषध परवान्याअभावी अडकेल. आपल्या कायद्यात अशी तरतूद नाही, आणि ती येऊ देता कामा नये.

पण घरातलेच दार अरुंद होत आहे. कलम २५(१) च्या हरकतीला पूर्वी शुल्क नव्हते. मार्च २०२४ च्या नियमांनी शुल्क लावले आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी ठरवण्याचा अधिकार अधिकाऱ्याला दिला. कंपनीला शुल्काची पर्वा नाही, पण रोगी आणि त्याच्यासाठी धावणारा कार्यकर्ता यांना ती आहे.

क्षयरोग दहा बाय दहाच्या खोलीत, गटारात उतरणाऱ्याच्या घरात अधिक पसरतो. तिथला माणूस पेटंट कायदा वाचत नाही, म्हणूनच आमच्यातल्या शिकलेल्यांनी तो वाचला पाहिजे. मुदत कॅलेंडरवर आपोआप संपते. मक्तेदारी मात्र कोणीतरी हरकत घेतल्याशिवाय संपत नाही. 'कोणतीही व्यक्ती' हे कायद्यातले दोन शब्द आमचे आहेत. ते वापरले नाहीत, तर उद्या ते कायद्यात राहतील याची हमी कोण देणार?