तुरळच्या कुंडाखाली जाळ कोण घालतं?

मुंबई-गोवा महामार्गावर संगमेश्वरजवळ तुरळ लागतं. तिथल्या कुंडात बारा महिने कढत पाणी. धो धो पाऊस असो की पौषातली थंडी, त्याला सोयरसुतक नाही. आसपास जागृत ज्वालामुखी असावा म्हणावं, तर तोही नाही. सह्याद्री रचणारा लाव्हा निवून साडेसहा कोटी वर्षं लोटली. मग हे पाणी तापवतं कोण?

तापवणारी उष्णता तुमच्या-माझ्या घराखालीही आहे! एक किलोमीटर खोल गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी चढतं. तुरळला घडतं ते एवढंच, की पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरतं, तापतं आणि निवायच्या आत दुसऱ्या वाटेनं वर उसळतं. रशियात कोला द्वीपकल्पावर १२ किलोमीटरहून खोल बोअर मारली गेली. तळाशी १०० अंश असतील असा अंदाज होता, निघाले १८०. पृथ्वीचं केंद्र तर ६,३७१ किलोमीटर खाली. तिथं पाच हजार अंशांहून जास्त, जवळजवळ सूर्याच्या पृष्ठभागाइतकं तापमान आहे.

जन्माला साडेचारशे कोटी वर्षं झाली, तरी पृथ्वी अजून गार कशी पडली नाही? एक कारण म्हणजे वरचं दगडी कवच. दगडातून उष्णता इतकी सावकाश झिरपते, की आपण एका जाडजूड गोधडीवरच राहतो म्हणा ना. दुसरं कारण मात्र थक्क करणारं आहे. खडकांत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमचे किरणोत्सारी अणू विखुरलेले आहेत. ते एकेक करून फुटतात आणि फुटताना किंचित ऊब सोडतात. या फुटण्यातून न्यूट्रिनोसारखे अतिसूक्ष्म कण निघतात आणि सगळी पृथ्वी आरपार भेदून बाहेर पडतात. जपानमधल्या कामिओका खाणीतल्या यंत्रानं त्यांतले मोजके कण टिपले. त्यांवरून २०११ साली हिशेब मांडला गेला: पृथ्वीतून बाहेर पडणारी जवळपास निम्मी उष्णता या अणूंची, उरलेली मुख्यतः तिच्या जन्माच्या वेळची. नेहमीच्या युरेनियमचा साठा निम्म्यावर यायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. पृथ्वीचं वयही जवळपास तेवढंच. म्हणजे हे युरेनियम अजून निम्मं शिल्लक!

ही सगळी उष्णता भरते सुमारे ४७ टेरावॉट. साऱ्या मानवजातीला लागणाऱ्या ऊर्जेच्या दुपटीहून जास्त. मग घोडं अडलं कुठे? ती पसरलीय फार पातळ. एका चौरस मीटरमधून एक वॉटचा दहावा हिस्साही वर येत नाही. ९ वॉटचा एक एलईडी दिवा लावायचा, तर शंभरेक चौरस मीटर जमीन लागेल, आणि तीही कणभर उष्णता वाया न घालवता. म्हणून वर झिरपणाऱ्या उष्णतेची वाट बघत बसायचं नाही. लाखो वर्षं खडकात साठलेली उष्णता पाण्याच्या पाठीवर घालून वर आणायची. सगळी युक्ती पाण्याची आहे.

इटलीत लार्देरेल्लोला जमिनीतून वाफेचे झोत निघतात. १९०४ साली पिएरो जिनोरी कोंती यांनी त्या वाफेवर पाच दिवे लावले. भूगर्भातल्या उष्णतेतून वीज निघाली ती तिथे पहिल्यांदा, आणि आजही तिथे वीज बनते. आइसलँडची तर गोष्टच न्यारी! तिथे पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांपासून दूर सरकताहेत, त्यामुळे तप्त खडक वरच सापडतो. दहातली नऊ घरं याच उष्णतेवर ऊबदार राहतात. नेस्याव्हेत्लिरच्या केंद्रात भूजल तापवून ८० अंशांच्या वर नेतात आणि नळातून राजधानी रेक्याविकला पाठवतात. अंतर २७ किलोमीटर, बाहेर बर्फ. तरी वाटेत पाणी जेमतेम दोन अंशांनी निवतं. घरं तापवून झाली की तेच कोमट पाणी फुटपाथखालून फिरतं आणि वरचा बर्फ वितळवतं.

हा साठा अक्षय म्हणायचा का? म्हणावा, पण अट आहे. कॅलिफोर्नियातल्या ‘द गीझर्स’ या क्षेत्रात १९६० पासून वीज बनते. वाफ मिळतेय म्हणताना बोअरवर बोअर मारल्या गेल्या आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाफेचा जोर ओसरला. खडक तापलेलेच होते, आटलं होतं ते पाणी. उपाय निघाला गटारातून. सांता रोझा शहराचं सांडपाणी शुद्ध करायचं, ६० किलोमीटरहून लांब नळातून डोंगरावर चढवायचं आणि थेट तापलेल्या खडकात सोडायचं. २००३ पासून हे चालू आहे. सांता रोझात कुणी भांडी विसळली, की ते पाणी कधी ना कधी त्या डोंगराखाली जाऊन वाफ होतं आणि टर्बाइन फिरवतं.