गावाला गेलेली आजी

तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. नातू तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला काय सांगायचं, यावर घरातल्या मोठ्या माणसांचं दोन मिनिटांत एकमत झालं. आजी गावाला गेली! पुढे कित्येक दिवस फाटकाशी रिक्षा थांबली की तो गॅलरीत धावायचा आणि काही न बोलता परत यायचा. मी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसायचो.

त्या दिवसांत तो सुनेच्या मोबाइलवर एका भल्यामोठ्या पिवळ्या पक्ष्याचे खेळ बघत असे. कुतूहल म्हणून मी त्या पक्ष्याची माहिती वाचू लागलो.

१९६६ साली न्यूयॉर्कमध्ये जोन गँझ कूनी यांच्या घरी मंडळी जेवायला जमली होती. त्यात लॉइड मॉरिसेट हे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांची लहान मुलगी भल्या सकाळी उठून, कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी टीव्हीवर दिसणाऱ्या निश्चल आकृतीकडेसुद्धा टक लावून बसायची. मुलं जाहिरातींची गाणी पाठ करतात, मग हाच टीव्ही त्यांना अक्षरं आणि आकडे शिकवील का? गरीब घरातली मुलं शाळेत पाऊल टाकतानाच मागे पडलेली असतात, त्यांना तो हात देईल का? या प्रश्नांतून १० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झाला.

खरी माणसं आणि काल्पनिक पात्रं एकत्र आणू नका, मुलांचा गोंधळ उडेल, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात चाचणी घेतली, तेव्हा मुलं गोंधळली नाहीत, कंटाळली! बाहुल्या पडद्यावर असल्या की बघायची, रस्त्यावर नुसती माणसं आली की इकडेतिकडे पाहू लागायची. मग सल्ला बाजूला ठेवून जिम हेन्सन यांच्या बाहुल्या रस्त्यावर उतरल्या आणि त्यांच्यासोबत आला आठ फूट दोन इंच उंचीचा ‘बिग बर्ड’.

आत कॅरॉल स्पिनी असत. उजवा हात डोक्यावर उंच धरून ते चोच हलवीत आणि करंगळीने पापण्या. डावा हात डाव्या पंखात. उजवा पंख दोरीने डाव्याला जोडलेला. बाहेरचं थेट काही दिसत नसे, म्हणून छातीशी एक छोटा टीव्ही बांधलेला. आरंभी हा पक्षी गावंढळ, बावळट असा दाखवला जाई. हा बावळट नसावा, लहान मूल असावा, असं स्पिनींनीच सुचवलं. पुढे तो सहा वर्षांचा मानला जाऊ लागला. स्पिनी २०१८ साली निवृत्त झाले आणि २०१९ साली वारले. आपल्याकडे २००६ मध्ये त्या कार्यक्रमाचं भावंड ‘गल्ली गल्ली सिम सिम’ आलं, त्यात बुम्बा नावाचा सिंह होता.

त्या रस्त्यावर मिस्टर हूपर यांचं दुकान होतं. ही भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. दुसरा नट घ्यावा का? हूपर निवृत्त होऊन दूर राहायला गेले, असं सांगावं का? दोन्ही वाटा निर्मात्यांनी नाकारल्या. मानसशास्त्रज्ञांशी बोलून त्यांनी खरं सांगायचं ठरवलं. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, ‘थँक्सगिव्हिंग’च्या सुट्टीच्या दिवशी, आईबाप मुलांजवळ घरी असताना, तो भाग दाखवला गेला. पक्ष्याने सगळ्यांची चित्रं काढली आहेत. हूपर आले की त्यांचं त्यांना देईन, असं तो म्हणतो. माणूस मेला की परत येत नाही, हे मोठी माणसं त्याला सांगतात. मग मला खाऊ कोण करून देणार, गोष्टी कोण सांगणार, असं तो विचारतो. हे असंच का, या त्याच्या प्रश्नाला मोठ्यांकडे उत्तर नसतं, आणि ते तसं लपवीतही नाहीत.

मी मोबाइल खाली ठेवला. आपल्या भाषेत माणूस ‘जातो’, ‘देवाघरी जातो’. आणि घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. आजीही तेच म्हणून दवाखान्यात गेली होती. मग पोराने रिक्षेची वाट का पाहू नये?

त्या रात्री त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, ‘आजी गावाला नाही गेली रे. आजी मेली. ती आता परत येणार नाही.’ ‘वारली’ त्याला कळलं नसतं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘दहीभात कोण कालवणार?’

‘मी कालवीन.’

‘आबा, मग गावाला गेली असं का सांगितलंस?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी रोज जेवताना देतो. दुसऱ्याचं अजून दिलेलं नाही. पण त्या रात्रीनंतर तो रिक्षेच्या आवाजाला गॅलरीत धावला नाही.