थांबणारे आजार, न थांबणारे आजार
आपले आरोग्य, कोणाच्या भरवशावर? – लेखांक ७

गेल्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावरचा भार पाहिला. मग सरकारी दवाखान्याची पायरी चढायचीच नाही म्हटले, तर जालना जिल्ह्यातल्या माणसापुढे काय उरते? ‘खासगी’ म्हणून मोकळे होता येत नाही. बिल कोण भरणार, हा खरा प्रश्न.

जालन्यात देऊळगाव राजा रस्त्यावर श्री गणपती नेत्रालय आहे. मराठवाड्यातूनच नव्हे, शेजारच्या विदर्भातूनही लोक तिथे डोळे दाखवायला येतात. अशा धर्मादाय नेत्रालयांचा धडा मदुराईच्या अरविंद रुग्णालयाने घालून दिला. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी ते १९७६ मध्ये अवघ्या ११ खाटांवर सुरू केले. ज्याची ऐपत आहे त्याने पैसे मोजायचे, त्यातून नसलेल्याचे भागवायचे. १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब या आपल्या कारखान्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायची भिंगे स्वतःच बनवायला घेतली आणि परदेशी भिंगाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात भिंग मिळू लागले. गणित जुळले ते तेव्हा.

मोतीबिंदूचे काम आखून करता येते. बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे, डोळ्याची लांबी मोजून भिंगाचा नंबर काढायचा, मग टेबलावर घ्यायचे. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते, आजी काळा चष्मा लावून गावाकडे. कापूस वेचून होईपर्यंत हा आजार थांबतोही. आणि यातही सरकार अगदीच बाहेर नसते: अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून स्वयंसेवी रुग्णालयांना शस्त्रक्रियेमागे अनुदान मिळते.

हा ‘थांबण्याचा’ मुद्दा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने फार आधी ओळखला होता. डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने तिथे गावांनी सुगीला ज्वारी गोळा करून आरोग्य विमा उभा केला. अचानक उद्भवलेल्या आजारात भरती मोफत. मोतीबिंदू, हर्निया, साधे बाळंतपण अशा आधी ठाऊक असलेल्या खर्चात मात्र बिलाचा काही वाटा घरच्यांनी उचलायचा. विम्याचा इतका स्वच्छ विचार मोठमोठ्या कंपन्यांच्या पॉलिसीत सापडत नाही, असे माझे मत.

आज ज्वारीची जागा रेशनकार्डाने घेतली आहे. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. यादीतल्या खासगी रुग्णालयात योजनेच्या मदतनिसाच्या, म्हणजे आरोग्यमित्राच्या, टेबलावर कागद दाखवा, मंजुरी आली की उपचार मोफत. इमारत खासगी, पैसा सरकारी. याला सरकारला पर्याय कसे म्हणायचे? शिवाय योजना ठरावीक शस्त्रक्रिया आणि भरतीच्या उपचारांची. महिनोन् महिने चालणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या खिशातूनच.

आता पावसाळ्यात मंठ्याच्या शिवारात निंदताना पायाला साप चावला, तर? तिथे ऐपतीचे दर नाहीत, मंजुरीची वाट पाहायला सवड नाही. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. ती गाडीही शासनाच्या कंत्राटावर खासगी कंपनीच चालवते, पण पहिली धाव बहुतेकदा सरकारी केंद्राकडेच. फारच बिघडले तर थेट संभाजीनगरचे सरकारी घाटी रुग्णालय. धर्मादाय संस्था इथे फारशा दिसत नाहीत, कारण क्वचित येणाऱ्या रुग्णासाठी रात्रभर डॉक्टर आणि प्रतिविष तयार ठेवण्याचा खर्च कोणत्याच शिबिरात बसत नाही.

पुढील लेखांकात जामखेड: आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायकांच्या हाती आरोग्याचे काम कसे सोपवले, ते पाहू.