घशामागचं हाड

आजोबांना आधी भाकरी गिळेना, मग भातही अडकू लागला. चहा मात्र सरळ उतरायचा. घरच्यांनी कॅन्सरचीच धास्ती घेतली होती. दुर्बिणीच्या तपासणीने ती फिटली. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेमध्ये खरं कारण दिसलं: मानेच्या मणक्यांवर पुढच्या बाजूने वाढलेली हाडाची चोच अन्ननलिकेला मागून रेटत होती. १९५० मध्ये फोरेस्तिए आणि रोतेस-केरोल यांनी वर्णन केलेला हा हाड वाढण्याचा आजार उतारवयातल्या पुरुषांत जास्त दिसतो, मधुमेह असलेल्यांतही बराच. अनेकांना तो असतो आणि जन्मभर कळत नाही. त्यामुळे नुसती चोच दिसली म्हणून कोणी सुरी उचलत नाही. आजोबांचं मऊ जेवण झालं, गिळण्याचे व्यायाम झाले, तरी वजन उतरतच राहिलं. शेवटी शस्त्रक्रिया ठरली.

थिएटरमध्ये पहिली कसोटी भूलतज्ज्ञाची. मान ताठ, घशात पुढे आलेलं हाड. श्वासाची नळी लवचीक दुर्बिणीवरूनच सरकवावी लागली. नाकातून पोटात आणखी एक नळी घातली. ती बोटाला लागली की अन्ननलिका कुठे आहे ते समजतं.

चिरा आडवा, मानेच्या सुरकुतीतच. त्यानंतर फारसं काही कापतच नाहीत, याचं मला नवल वाटलं. तिरका स्नायू आणि त्याखालची कॅरोटिड रोहिणी एका अंगाला, श्वासनलिका-अन्ननलिका दुसऱ्या अंगाला, आणि मधल्या फटीतून सर्जनचं बोट वाट काढत मणक्यापर्यंत पोचतं. निम्मं कौशल्य या बाजूला सारण्यातच आहे. रिट्रॅक्टर जास्त वेळ ताणून धरला तर आवाजाची नस दुखावते, घोगरेपणा येतो. म्हणून अधूनमधून तो सैल करायचा.

मग ड्रिल. टोकावर पाण्याची धार, हाडाचा पांढरा गाळ, आणि तो ओढणाऱ्या सक्शनचा आवाज. थोडं घासायचं, सी-आर्मच्या एक्स-रे पडद्यावर बघायचं, पुन्हा घासायचं. मणक्याची मूळ रेषा आली की थांबायचं. मणक्यांमधल्या चकतीला धक्का लावायचा नाही. पाझरणाऱ्या हाडावर मेण चोळलं की रक्त थांबतं.

बाहेर मुलाने विचारलं, “डॉक्टर, पट्टी-स्क्रू नाही बसवले?”

“चकत्या शाबूत आहेत, मणके मुळातच ताठ आहेत. आधाराची गरज नाही,” सर्जन म्हणाले. “सुजेमुळे पहिले काही दिवस गिळणं उलट जड जाईल, घाबरू नका. पातळ पेजेपासून सुरुवात करू. हाड पुन्हा वाढू शकतं, पण त्याला वर्षं लागतात. अधूनमधून एक्स-रे काढत राहू.”