अचलपूर ते जेद्दा, अचलपूर ते न्यू जर्सी

अमरावती जिल्ह्यातल्या अचलपुरातून परदेशी जाऊन परत येणारा माणूस म्हणजे कित्येक पिढ्या हाजीच. नोकरीला किंवा शिकायला जाणारे निराळे, ते राहायलाच जात. ठरलेल्या मुदतीसाठी जायचं आणि मुदतीच्या आत घरी यायचं, हा प्रवास या गावानं आधी हजच्या निमित्तानं केला.

शकुंतला या आगगाडीच्या छोट्या रुळांवरून मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग मोगल लाइनची बोट. जेद्दा आठवडाभरावर. या वाटेवरचे नियम जुने आणि कडक होते. मुंबईत प्लेग शिरला तेव्हा, १८९७ साली, हिंदुस्थानातून हजला जाणंच बंद केलं गेलं. एरवीही तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर यात्रेकरूंना विलगीकरणात दिवस काढावे लागत. पुढे लशीचा दाखला आला. बोटीचा हज १९९५ मध्ये ‘अकबरी’च्या फेरीनं संपला आणि मग सगळा प्रवास विमानाचा झाला.

या साऱ्या काळात यात्रेकरूला एक आधार होता. त्याचे कागद दुसरं कोणीतरी सांभाळत होतं. हज कमिटीचा कायदा १९५९ चा. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं दहा आणि शंभर रुपयांच्या खास हज नोटा काढल्या, त्या सौदीत बदलून मिळत. सत्तरच्या दशकात साध्या प्रवाशाला देशाबाहेर नेता येत ते जेमतेम आठ डॉलर, हे लक्षात घेतलं की त्या नोटांचं मोल कळतं. हजपुरता वेगळा पासपोर्टही मिळे. ती सोय २००९ मध्ये संपली. सौदी सरकारनं सर्वांसारखा आंतरराष्ट्रीय पासपोर्ट मागितला आणि साठी-सत्तरीतली माणसं पहिल्यांदा फोटो, पुरावे आणि पोलीस व्हेरिफिकेशनच्या फेऱ्यात आली. २०१८ मध्ये अनुदान बंद झालं. त्याच वर्षी पंचेचाळिशीपुढच्या बायकांना, किमान चौघींच्या गटात, मेहरमशिवाय, म्हणजे जवळच्या पुरुष नातलगाशिवाय, जाण्याची परवानगी मिळाली. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

हजच्या आधी भरणारी तरबियत, म्हणजे प्रशिक्षण, शिबिरं मात्र टिकली. एहराम हा यात्रेचा पोशाख कसा बांधायचा इथपासून अर्जाचा कव्हर नंबर पाठ करणं, हातातलं ओळखीचं कडं न काढणं, मेंदूज्वराची लस आणि पोलिओचे थेंब कधी घ्यायचे, बॅगेवर नाव कुठं लिहायचं, सारं तिथं सांगतात. आधी जाऊन आलेला हाजी पुढच्याला शिकवतो. कधी तालुक्याबाहेर मुक्काम न केलेली माणसं लाखोंच्या गर्दीत जाऊन सुखरूप येतात, त्यात या शिकवणीचा वाटा मोठा आहे.

जाऊन परत येणाऱ्यांचा दुसरा प्रवाह नंतरचा. शेगावचं गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झालं, अमरावतीचं सरकारी कॉलेज त्याहून जुनं. तिथं शिकलेली पोरं पुण्याला गेली, तिथून न्यू जर्सीला आणि टेक्सासला. मग आई-वडिलांचं जाणं-येणं सुरू झालं. सुनेचं बाळंतपण, नातवाची मुंज, नाहीतर नुसतंच “लेकाकडं जाऊन येतो.”

या आई-वडिलांची पहिली अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं कुसुम, आधारवर सासरचं सुनंदा, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं. जन्मतारीख १ जून, कारण गुरुजींनी अर्ध्या वर्गाची तीच लिहिली. पूर्वी याच्या दुरुस्तीसाठी नागपूरच्या खेपा होत. डिसेंबर २०१६ मध्ये लग्नाच्या दाखल्याची सक्ती गेली आणि जन्मतारखेच्या पुराव्याला आधार, पॅन चालू लागलं. २०१७ पासून टपाल कचेऱ्यांत पासपोर्ट सेवा केंद्रं निघू लागली. अमरावतीला तशी सोय झाल्यामुळे अचलपूरकराचं अंतर सुमारे ५० किलोमीटरवर आलं.

अमेरिकेचा व्हिसा मात्र मुंबईचाच. २०११ पर्यंत ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसबाहेर रांग, नंतर वांद्रे-कुर्ला संकुल. मध्यंतरी ऐंशीच्या आसपासच्या वृद्धांना मुलाखतीतून सूट मिळत होती. २ सप्टेंबर २०२५ पासून ती वयावरची सूटही गेली.

खरा घोटाळा होतो तो व्हिसा हातात आल्यावर. पासपोर्टवर दहा वर्षांचा शिक्का दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण राहायची मुदत विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने, आणि ती आय-९४ या नोंदीत असते. तीच तारीख पाळायची. युरोपातल्या शेंगेन देशांत हिशेब १८० दिवसांत ९० दिवसांचा. ऑक्टोबर २०२५ पासून तिथं येण्या-जाण्याची नोंद यंत्रावर होऊ लागली आहे, त्यामुळे शिक्का पुसट होता ही सबब संपली.

आणि बॅग! शेजारच्या परतवाड्याच्या मंडीतली संत्री लेकासाठी न्यावीशी वाटणं साहजिक आहे, पण अमेरिकेत ताजी लिंबूवर्गीय फळं नेता येत नाहीत. न सांगता नेली तर दंड. खसखस दुबईला किंवा सिंगापूरला नेणं तर थेट गुन्हा ठरतो, मग ती अनारशावर लावलेली का असेना. सुकं खोबरं चेक-इनला दिलेल्या बॅगेत चालत नाही. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल आखातात नेताना डॉक्टरांची चिठ्ठी, तीही औषधाच्या मूळ नावासह इंग्रजीत, जवळ हवी; पण नुसती चिठ्ठी पुरतेच असं नाही, त्या देशाची पूर्वपरवानगीही लागू शकते. पापड, कुरडया खुशाल न्या, फक्त उतरल्यावर जाहीर करा.

सोयी वाढल्या, यात शंका नाही. थायलंड, मलेशियानं २०२३ च्या अखेरीस भारतीयांना व्हिसा माफ केला. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुटू लागलं. पण नियम आपल्या नकळत बदलतात आणि ते वाचायचं काम आता प्रवाशावर पडलं आहे. पोरगा तिकडून फॉर्म भरतो, आईला फक्त सही कुठं करायची ते कळतं. मुंबईत खिडकीपलीकडच्या माणसानं “किती दिवस राहणार?” विचारलं की ती गोंधळते, कारण हा प्रश्न तिला घरी कोणी विचारलेलाच नसतो.

हजला जाणाऱ्याची तयारी गाव करून घेतं, लेकाकडं जाणाऱ्याची कोणी करून घेत नाही. ही उणीव भरून काढणं अवघड नाही. अचलपूर-परतवाड्यातल्या एखाद्या वाचनालयानं किंवा ज्येष्ठ नागरिक संघानं महिन्यातला एक रविवार द्यावा. जाऊन आलेल्या आई-वडिलांनी बोलावं, तरबियत शिबिरात शिकवणाऱ्या हाजींनाही बोलवावं. निघणाऱ्यांनी पासपोर्ट, दाखले आणि औषधांची चिठ्ठी घेऊन यावं, आणि पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने आहे ना, हे तिकीट काढण्याआधी तिथंच पाहून घ्यावं.