घोट्याला स्क्रू की दोरी?

पावसाळ्यात कपाशीच्या सरीत पाऊल वाकडे पडले की आपण म्हणतो, पाय मुरगळला. बहुधा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणलेले असतात. विश्रांतीने नि पट्टीने ते बरे होतात. पण पाऊल रोवलेले असताना बाहेरच्या दिशेने जोरात पिळले गेले, तर नडगी आणि तिच्या शेजारचे बारीक हाड यांना घोट्याजवळ बांधणारे अस्थिबंध तुटू शकतात. ही दुखापत वेगळी.

ही दोन हाडे मिळून एक खोबण होते. तिच्यात घोट्याचे हाड बसते. बंध तुटले की खोबण फाकते. रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी १९७६ साली प्रयोगात हे हाड अवघे १ मिलिमीटर बाहेर सरकवले, तर सांध्यातील स्पर्शक्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटले! दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. वजन तेच, क्षेत्रफळ ५८ टक्के. म्हणजे दाब सुमारे १.७ पट. कूर्चा तो किती वर्षे सोसणार?

जुना उपाय म्हणजे दोन्ही हाडांतून आडवा घातलेला स्क्रू. स्वस्त आणि घट्ट. परंतु निसर्गाने हा सांधा घट्ट केलेलाच नाही. घोट्याचे हाड पुढे रुंद, मागे अरुंद असते. निंदणाला उकिडवे बसलो की रुंद भाग खोबणीत शिरतो आणि बारीक हाड किंचित बाजूला सरते. स्क्रू त्याला अडवतो. चालू लागल्यावर तो पावलागणिक थोडा वाकतो आणि पुन्हा पुन्हा वाकवलेल्या तारेसारखा तुटू शकतो. म्हणून काही महिन्यांनी तो काढण्याची पद्धत पडली. प्रत्येकाचा काढायलाच हवा असे मात्र नाही, हे अलीकडे दिसून आले आहे.

नव्या उपायात हाडांतून आरपार पॉलिएथिलीनची दोरी ओवतात; तिच्या दोन्ही टोकांना धातूची बटणे असतात. दोरी ओढता येते, ढकलता येत नाही, हे विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. ती हाडांना फाकू देत नाही, पण बारीकशी हालचाल होऊ देते. सहसा ती काढावी लागत नाही. हाडे नेमकी जागेवर बसण्यातही ती बहुधा सरस ठरते. मात्र बारीक हाडाचाच चुरा झाला असेल, तर त्याची लांबी एकटी दोरी राखू शकत नाही. शिवाय ती स्क्रूपेक्षा कितीतरी महाग.

आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ साली देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथे आर्वीकडून येणाऱ्या शेतमजुराच्या पायातला स्क्रू काढायचा ठरला, तर पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा एसटी, पुन्हा बुडालेली मजुरी. माझ्या मते स्क्रूच्या किमतीत हेही धरले पाहिजे.