खाणीतून आलं ग्राफिक्स कार्ड!

२०२२ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझा भाचा तेव्हा नववीत होता. वाढदिवसाचे, बक्षिसाचे, आजीनं गुपचूप हातावर ठेवलेले असे करून त्यानं साडेतीन हजार रुपये साठवले होते. ते खिशात घालून स्वारी शहरात गेली आणि कॉम्प्युटरमध्ये बसवायचं एक जुनं ग्राफिक्स कार्ड घेऊन आली. दुकानदार म्हणाला होता, "जीटीएक्स १०६० चं सख्खं भावंड आहे, पण निम्म्या किमतीत!" कार्ड दिसायला जाडजूड, वजनदार. मोठ्या ऐटीत ते बसवून झालं. मग मॉनिटरची केबल लावायला भाचा मागे वाकला, तर काय! केबल लावायला जागाच नाही. नुसती भोकाभोकांची पत्र्याची पट्टी!

"मावशी, फसवलं गं मला," एवढंच तो म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन बसला. रात्री चिवडासुद्धा खाल्ला नाही.

मी प्राथमिक शाळेतली बाई. पाढे आणि बाराखडी शिकवते. कॉम्प्युटरचं पोट उघडून कधी पाहिलं नव्हतं. पण पोराचे साडेतीन हजार पाण्यात गेले हे काही मनाला पटेना. दुसऱ्या दिवशी कार्डावरचं लेबल वाचलं. त्यावर लिहिलं होतं पी१०६-१००. मग आम्ही दोघांनी या कार्डाचं कूळ आणि मूळ शोधायचं ठरवलं.

आधी ग्राफिक्स कार्ड करतं काय, ते पाहू या. मॉनिटरच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. करा बरं गुणाकार! २०,७३,६०० ठिपके झाले. खेळ चालू असताना सेकंदाला ६० चित्रं दाखवायची, तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपक्यांचे रंग ठरवायला हवेत. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलासारखा असतो. अवघड गणित द्या, चुटकीसरशी सोडवेल. पण शाळेच्या सगळ्या भिंती एकट्यानं रंगव म्हटलं तर? तिथे हजार साधी मुलं हवीत, प्रत्येकाच्या हातात एकेक ब्रश. ग्राफिक्स कार्डात अशी 'मुलं' असतात. एनव्हिडिया कंपनीचं ६ जीबीचं जीटीएक्स १०६० कार्ड २०१६ साली आलं, त्यात ती १२८० आहेत. एकेकटं कोणी फार हुशार नाही, पण सगळी एकदम कामाला लागतात.

आता या कार्डाचा खाणीशी काय संबंध? इथे खाण म्हणजे कोळशाची नव्हे बरं का! २००९ साली बिटकॉइन नावाचं चलन सुरू झालं. त्याच्या नोटा नाहीत, नाणी नाहीत. जगभरच्या कॉम्प्युटरांवर ठेवलेली एक सामायिक वही आहे आणि कोणी कोणाला किती दिले याच्या नोंदी तिच्यात होतात. वहीला नवं पान कोणी जोडायचं, हे ठरवायला एक शर्यत असते. पानावरच्या मजकुरापुढे मनाला येईल तो आकडा लावायचा आणि सगळं मिळून एका ठरावीक गणिताच्या चरकातून काढायचं. पलीकडे एक भलीमोठी संख्या बाहेर पडते. ती दिलेल्या मर्यादेपेक्षा लहान आली, तर तुम्ही जिंकलात. नाही आली, तर दुसरा आकडा लावा. तोही नाही, तिसरा लावा. कोणता आकडा लागू पडेल हे आधी ओळखायची कोणतीही युक्ती नाही. जो आधी जिंकेल, त्याला नवं चलन बक्षीस! यालाच म्हणतात मायनिंग, म्हणजे खाणकाम.

पाहिलंत ना? हेही काम हुशारीचं नाही, भिंत रंगवण्यासारखंच आहे. बिटकॉइनसाठी पुढे खास यंत्रं निघाली. पण २०१५ साली इथेरियम नावाचं दुसरं जाळं आलं. त्याच्या चरकाला भरपूर आणि वेगवान मेमरी लागायची आणि ती ग्राफिक्स कार्डावर आयतीच असते. आमच्या कार्डासारखं एक कार्ड सेकंदाला सुमारे २ कोटी आकडे तपासून पाहायचं. मग काय विचारता! २०१७ साली या चलनांचे भाव चढले आणि लोकांनी कार्डांच्या चवडीच्या चवडी उचलल्या. खेळासाठी एखादं कार्ड घ्यायला गेलेल्या मुलांना दुकानात ते मिळेना, मिळालं तर भाव ऐकून परत यावं लागे.

तेव्हा एनव्हिडियानं खाणवाल्यांसाठी वेगळी कार्डं काढली. त्यातलंच हे पी१०६-१००. चिप तीच, १२८० 'मुलं' तीच, मेमरीही ६ जीबी. मागची केबलची तोंडं मात्र काढून टाकली. खाणीत चित्र दाखवायचंच नसतं, मग तोंडं कशाला? म्हणजे आमचा दुकानदार अगदीच खोटं बोलला नव्हता. भावंड सख्खंच होतं, पण मुकं होतं. ते त्यानं सांगितलं नाही, याचा राग मात्र मला अजून आहे.

२०१८ साली भाव कोसळले आणि ही मुकी कार्डं चीनच्या बाजारात स्वस्तात येऊन पडली. तिथल्याच हौशी मुलांनी त्यांच्यावर खेळ चालवायची खटपट सुरू केली. २०२१ साली पुन्हा तेजी आली. चीनच्या सिचुआन प्रांतात पावसाळ्यात धरणांची वीज स्वस्त मिळते, म्हणून तिथे खाणवाल्यांनी मोठमोठ्या शेड उभारल्या होत्या. त्या जून २०२१ मध्ये सरकारनं बंद करायला लावल्या. शेवटचा घाव बसला १५ सप्टेंबर २०२२ ला. त्या दिवशी इथेरियमनं आकडे शोधायची शर्यतच बंद केली. पान जोडायची निराळी पद्धत आली आणि त्या जाळ्याला लागणारी वीज ९९ टक्क्यांहून जास्त घटली. जगभरची लाखो कार्डं एका दिवसात बेकार! आमच्या घरी कार्ड आलं ते त्यानंतर जेमतेम सव्वा महिन्यानं.

मग मुक्याला बोलतं कसं केलं? गंमत अशी, की चित्र तयार करणं आणि चित्र दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. लॅपटॉपमध्ये हे कधीपासून चालत आलंय. अनेक लॅपटॉपांत मोठं ग्राफिक्स चित्र काढतं आणि प्रोसेसरच्या पोटातलं छोटं ग्राफिक्स ते पडद्यावर नेऊन ठेवतं. स्वयंपाक एकीनं करायचा, वाढायचं दुसरीनं. आमचं कार्ड स्वयंपाकात पटाईत होतं, पण वाढायला त्याला हात नव्हते.

म्हणून पहिला प्रश्न असा, की वाढणारी घरात आहे का? म्हणजे प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स आहे का? इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी 'एफ' अक्षर असतं (उदाहरणार्थ आय५-९४००एफ) त्यांना ते नसतं. एएमडीच्या रायझन ५ ३६०० लाही नाही, पण ५६००जी ला आहे. आम्ही भाच्याच्या प्रोसेसरचं नाव शोधून काढलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. शेवटी 'एफ' असता तर खेळ तिथेच खलास! सुदैवानं नव्हता. मग मॉनिटरची केबल कार्डाला नाही, तर मदरबोर्डच्या तोंडाला लावली.

आता कार्डानं काढलेलं चित्र मदरबोर्डवरच्या रस्त्यानं इकडे यायला हवं. रस्ता पुरेल का? पुन्हा गणित करू. एका ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे एक चित्र सुमारे ८३ लाख बाइटांचं. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे जवळजवळ ५० कोटी बाइट. या कार्डांचा रस्ता जुन्या, पहिल्या पिढीचा आहे. त्याच्या एका मार्गिकेवरून सेकंदाला २५ कोटी बाइट जातात. खाणीत नुसते आकडे तपासायचे असतात, तिथे एका मार्गिकेवर भागायचं. चित्रं आणायला मात्र निदान दोन हव्यात. पी१०४-१०० नावाच्या थोरल्या कार्डाला चारच मार्गिका ठेवलेल्या असतात. शिवाय झाडं, भिंती, गाड्या असा खेळातला सगळा मालही याच रस्त्यानं कार्डाकडे जातो, म्हणून मोठ्या खेळात मध्येच धक्के बसतात.

विंडोजमध्ये कोणता खेळ कोणत्या ग्राफिक्सवर चालवायचा हे निवडायची सोय २०१८ पासून आहे. पण आमचं कार्ड त्या यादीत दिसेचना! कारण कार्डाचा ड्रायव्हर म्हणे, हे तर खाणीतलं, याचा खेळाशी काय संबंध? हा ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यातला दुभाषा. त्याच्या नोंदींत थोडा बदल करून 'हा लॅपटॉपसारखाच जोडीचा संसार आहे' असं विंडोजला पटवावं लागतं. कोणीही फुकट वाटत असलेला बदललेला ड्रायव्हर डोळे झाकून उतरवून घेऊ नका. त्यातून कॉम्प्युटरमध्ये काय काय शिरेल, सांगता येत नाही. आम्ही कंपनीचाच ड्रायव्हर घेतला आणि शेजारच्या इंजिनिअरिंगच्या दादाला बोलावून नोंद बदलली. बदलण्याआधी जुन्या नोंदींची प्रत काढून ठेवली, ही अक्कल त्या दादाची.

खेळ सुरू केला, तर चित्र गोगलगायीसारखं सरकतंय. भाच्याचा चेहरा पुन्हा उतरला. मग ध्यानात आलं, की यादीत कार्ड आलं होतं, पण निवडायचं राहिलं होतं. सेटिंग्ज, डिस्प्ले, ग्राफिक्स, तिथे खेळाचं नाव आणि 'हाय परफॉर्मन्स'. पुन्हा खेळ सुरू केला. यावेळी गाडी अशी सुसाट सुटली, की पहिल्याच वळणावर धडकली. भाचा हसला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

लगेच उठून असं कार्ड आणायला पळू नका हं! खाणीतलं कार्ड महिनोन्‌महिने रात्रंदिवस चाललेलं असतं. चिपला सहसा फारसं होत नाही, कारण वीजबिल वाचवायला खाणवाले तिला कमी व्होल्टेजवर चालवत. झिजतात ते पंखे, आणि सुकतो तो चिपवरचा उष्णता वाहून नेणारा लेप. आमच्या कार्डाचा पंखा खरखरत होता आणि लेपाची तर खपली झाली होती. नवा लेप लावल्यावर तापमान बरंच उतरलं. काही खाणवाले कार्डातला बायोसही बदलून ठेवतात. मग खेळताना पडद्यावर रंगीत ठिगळं दिसतात आणि मूळ बायोस परत घालावा लागतो. २०२२ साली व्हिएतनाममधला एक व्हिडिओ बराच गाजला. त्यात जुनी कार्डं चक्क पाण्याच्या फवाऱ्यानं धुतली जात होती, गाडी धुवावी तशी! तेव्हा कार्ड चकचकीत आहे म्हणजे चांगलंच आहे, असं समजू नका. दुकानदाराला म्हणा, अर्धा तास एखादा मोठा खेळ चालवून दाखवा. तो का-कू करू लागला, तर नमस्कार करून निघा.

नावातही फसगत असते. २०१८ साली एएमडीनं चीनमध्ये आरएक्स ५८० चा एक प्रकार काढला. नाव ५८० च, पण त्यात 'मुलं' २३०४ ऐवजी २०४८. म्हणजे खरं तर ते ५७० च झालं. आणि विजेचंही पाहायला हवं. आमच्या कार्डाला १२० वॉट लागतात. मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ मिळतात, म्हणून पॉवर सप्लायमधून वेगळी केबल द्यावी लागते. सप्लाय फार हलका असेल, तर कार्डाबरोबर मदरबोर्डही गमवाल.

तोंडं काढून टाकायची ही कल्पना मला काही आवडलेली नाही. साधं १०६० खाणीतून सुटलं, की कोणाच्याही घरी सुखानं नांदतं. या मुक्या कार्डासाठी एवढा खटाटोप करणारे कितीसे असणार? बाकीची भंगारातच गेली असतील.

आणि या दुसऱ्या जन्मालाही मुदत आहेच. या पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवायचं ठरवलं, सुरक्षेपुरत्या सुधारणा तेवढ्या २०२८ पर्यंत. डिसेंबर २०२४ मध्ये इंडियाना जोन्सचा नवा खेळ आला. त्याला प्रकाशकिरणांचं गणित करणारी खास यंत्रणा लागते. ती आमच्या कार्डात नाहीच, त्यामुळे भाच्याला मित्राकडे जाऊन तो पाहावा लागला.

जुने खेळ मात्र अजून मजेत चालतात. पंखा एकदा बदलला. आणि भाच्याला एक सवय लागली आहे, दुकानात गेला की आधी वस्तू उलटी करून तिची मागची बाजू पाहतो. परवा आजीबरोबर मिक्सर घ्यायला गेला होता. दुकानदार वेगाचं बटण दाखवतोय आणि हा मिक्सर उलटा धरून वायर शोधतोय!